सुनेने आणलेलं नाणं

आमच्या घरात धड नाण्याला किंमत नाही. मान आहे तो बिघडलेल्याला. माझे सासरे चुकलेली नाणी जमवतात. कुठल्या पाच रुपयांच्या नाण्यावरचे सिंह कडेला सरकलेले, कुठल्या रुपयाची एक बाजू तिरकी फिरलेली, तर एक नुसतीच कोरी चकती, जिच्यावर ठसा उमटवायचाच राहून गेला. इतर सुनांना सासरी आमटीचं प्रमाण शिकवतात, मला बाबांनी हे शिकवलं. नियम एकच. चूक टांकसाळीच्या आत झालेली असली पाहिजे. बाहेर पडल्यावर कुणी ठोकलं, घासलं, वाकवलं तर ते नुसतं खराब झालेलं नाणं, त्याला अल्बममध्ये जागा नाही. "आधी काय होतं आणि नंतर काय झालं, एवढं ओळखायचं," असं म्हणत ते भिंग माझ्या हातात द्यायचे.

बाबांची सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात झाली. राहायला सरोजिनी नगरचं क्वार्टर. निवृत्त झाल्यावर ते आणि सासूबाई आमच्याकडे नोएडाला आले. सासूबाई आता नाहीत. यंदा मे महिन्यात बाबा एका मराठी कार्यक्रमासाठी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर गेले आणि संध्याकाळ उलटली तरी परतले नाहीत. फोन लागेना. माझा जीव टांगणीला लागला होता तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबा, घामाने थबथबलेले, हातात दुधाच्या दोन पिशव्या. "जुनं क्वार्टर बघावंसं वाटलं, म्हणून सरोजिनी नगरला गेलो होतो," म्हणाले आणि सरळ आंघोळीला गेले. दूध तापवायला ठेवलं तर नासलं.

त्या नासलेल्या दुधाने माझी झोप उडवली. ते क्वार्टर पाडून टाकलंय, हे बाबांनीच आम्हाला सांगितलं होतं. आणि जुनं घर बघायला गेलेला माणूस तिथून नोएडापर्यंत दूध कशाला आणेल? ऑफिसमधून घरी जाताना दूध घेऊन जायची त्यांची सवय होती, हे सासूबाई सांगायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. "अगं यार, ऐंशीला आलेत ते, होतं असं. तुला काळजी नसली की त्याचीच काळजी लागते," तो म्हणाला. बाबांपुढे डॉक्टरचं नाव काढलं तर ते पेपर उघडून बसले.

मग मीच एक युक्ती काढली. तारखा, पाढे विचारले असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. पण नाण्यात ते चुकणं शक्य नव्हतं. चुकले, तर मात्र माझी शंका खरी.

आरशातल्यासारख्या उलट्या ठशाचं नाणं ही बाबांच्या लेखी फार मोलाची चूक. एखादं नाणं साच्यातच अडकून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीच्या एका बाजूला त्याचाच उलटा, खोलगट ठसा उमटतो. याची नक्कल करणारे दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसच्या लोखंडी पकडीत आवळतात. पण तशा नाण्यावर मूळचं चित्रही चेपून मागे राहतं, आणि तिथेच चोरी पकडली जाते. ऑफिस सुटल्यावर कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवर मी नेमकं असं दाबलेलं दोन रुपयांचं नाणं शोधलं. "टकसाल की गलती है मैडम, ऐसी मिलती नहीं," विक्रेता म्हणाला. दोनचा चेपलेला आकडा मला भिंगाशिवाय दिसत होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी ते बाबांपुढे ठेवलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "अस्सल आहे. छान मिळालं गं तुला," म्हणाले, आणि त्यांनी ते अल्बममध्ये लावलं.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं मी. नवऱ्याला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्याने थट्टा केली नाही. त्या दिवसापासून बाबा खाली फिरायला निघाले की मी बाल्कनीत. गॅसच्या बटणाला त्यांचा हात लागला की मी स्वयंपाकघरात. त्यांच्या मेट्रो कार्डाचं काय करावं यावर आम्ही दोघं दार लावून कुजबुजायचो, आणि मला स्वतःचाच राग यायचा.

अशातच एका रविवारी बाबांचे स्नेही आले. तेही नाणी जमवणारे, पंजाबी, खणखणीत आवाजाचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आले तर आतून ऐकू आलं, "अरे यार, ये आपने कैसे रख लिया? ये तो वाइस में दबाया हुआ है!"

"धीरे बोलिए," बाबा म्हणाले. "पता है मुझे. बहू इतने शौक से लाई है. क्या कहता उसे?"

मी दाराबाहेरच थांबले. हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. स्नेही जाईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग म्हटलं, "बाबा, तुम्ही ओळखलं होतंत!"

"बिल्कुल ओळखलं. आकडा चेपलेला सरळ दिसतोय." ते अल्बम मिटता मिटता थांबले. "पण तुला कसा नाही दिसला? मीच शिकवलंय तुला."

गर्दी होती, नीट पाहिलं नाही, असं काहीतरी सांगायला हवं होतं. मी चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे माझी परीक्षा होती."

आता ते चिडतील म्हणून मी मान खाली घातली. चिडले असते तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी क्वार्टर बघायला नव्हतो गेलो गं मी," ते म्हणाले. "ऑफिस सुटलंय, घरी चाललोय, असंच वाटत होतं मला. ऑटोवाल्याला सरोजिनी नगर सांगितलं. उतरून दूध घेतलं. मग समोर नुसते पत्रे ठोकलेले दिसले, आणि आपलं घर कुठे गेलं तेच कळेना. किती वेळ उभा होतो, माहीत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नाही.

"दर महिन्याला एक नाणं आण," बाबा म्हणाले. "कधी खरं आण, कधी खोटं. कुठलं ते सांगू नकोस. आणि मी चुकलो तर तोंडावर सांग. मी तुझं मन राखलं, तसं तू माझं राखू नकोस."

मी अल्बम उघडून ते दाबलेलं नाणं बाहेर काढलं, आणि मग हो म्हटलं.