आम्ही माळकरी

अगं ये, अशी जवळ येऊन बस. जिन्यात उभं राहून, हातात दुधाची पिशवी लटकवत विचारायची गोष्ट आहे का ही? काल म्हणालीस, "मावशी, तुमची नात हॉस्टेल सोडून बाहेर खोलीवर राहिली ना, माझ्या पोरीला बरोबर काय काय देऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाईलमधली यादी वाचायला लागलीस. बादली, कुकर, इस्त्री, मच्छरदाणी, वायरचा बोर्ड. सगळं बरोबर आहे गं. पण यादी वाचताना एकदा माझ्याकडे बघायचं होतंस. मला दुसरंच काही सांगायचं होतं. ते जिन्यात निघेना, म्हणून आज दुपारी सगळे कामावर गेल्यावर लिहायला बसले. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते मासळी बांधायच्या रद्दीवर आणि मग नातीच्या पुस्तकांत. तेव्हा चुका सांभाळून घे.

तू आम्हाला इथं इंद्रलोक वसाहतीत आल्यापासून ओळखतेस. त्याआधी आम्ही जुन्या भाईंदरात, खाडीकडे. आम्ही कोळी. घरची होडी गेली तरी मी मार्केटात बसायचं सोडलं नाही, गुडघे गेले तेव्हाच उठले. मुलगा कंपनीच्या बसवर, सून हॉस्पिटलात, दोघांच्या ड्युट्या उलट्यासुलट्या, त्यामुळे नात माझ्याच शेजारी वाढली. शाळेतून आली की थर्माकोलच्या खोक्यावर पाट ठेवून गणितं करायची. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता मला हळूच सांगायची, "आजी, या काकूंना मागच्या टायमाला बारीक मांदेली दिलीस, त्या रागात हायत." आणि खरंच काकू रागात असायच्या.

तर ही पोर इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. पहिलं वर्ष कॉलेजच्या हॉस्टेलात. पहिले दोन महिने दिवसाला चार फोन.

"आजी, इथली भाजी गोड लागते."

"मग मीठ टाक."

"मीठ टाकून पण गोडच लागते."

"संध्याकाळची काय करतेस?"

"खोलीत बसते."

"कोणासंगं?"

"तुझ्यासंगं. फोनवर."

मला ते ऐकून फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि एवढं बरं वाटलं म्हणूनच मनात धस्स झालं. चार वर्षं ही पोर भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलत बसणार की काय? मी तिला सांगितलं, "उद्यापासून सहा ते आठ मी फोन उचलणार न्हाय. खाली जा. जिथं चार माणसं जमलेली दिसतील तिथं जाऊन उभी राहा. कोणीतरी विचारीलच, काय गं, काय पाहिजे." ती रडली. मी फोन ठेवला आणि सहा वाजता मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. रिंग ऐकली असती तर उचलला असता.

आठ दिवसांनी म्हणाली, "आजी, ढोल-ताशाच्या पथकात नाव दिलं. हात पार भरून येतात." मी म्हटलं, "बर्फाची लादी उचलायचीस माझ्याबरोबर, ढोलाचं काय घेऊन बसलीस." त्या गणपतीत ती घरी आली नाही, कमरेला ढोल बांधलेला व्हिडिओ आला. केस घामानं कपाळाला चिकटलेले आणि तोंडभर हसू. मी तो शेजारच्या गुजराती बेनना दाखवला. त्या म्हणाल्या, "मासी, ये अपनी वाली है? पहचान में नहीं आती." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेल सोडायचं होतं, तिथं जागा पहिल्या वर्षाच्या मुलींनाच. मुलाला सुट्टी नाही, सुनेला नाही, मग मीच पुण्याला गेले. दोन खोल्या बघितल्या. एकीला खिडकीच नव्हती. दुसरीचं न्हाणीघर खालच्या दुकानवाल्यांबरोबर वाटून वापरायचं होतं. तिसरी पथकातल्याच मैत्रिणीनं सांगितलेली. एकट्या राहणाऱ्या रिटायर बाईंची, घराच्या मागच्या बाजूची खोली. वेगळं दार, छोटा ओटा, आतून दणकट कडी, कॉलेज चालत दहा मिनिटं. मी नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, आणि मनात ठरवून टाकलं की हीच.

बाई शांत, स्वच्छ, बोलायला मऊ. चहा दिला. मग म्हणाल्या, "विचारते म्हणून राग मानू नका, तुमच्याकडे खाणंपिणं कसं?"

मी आदल्या दिवसापासून तोंडाला 'न्हाय'च्या जागी 'नाही' बसवत होते. लिहिताना मला 'नाही' लिहिता येतं, बोलताना 'न्हाय'च येतं. 'मासळी खात नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, नुसत्या 'नाही'वर त्यांचा विश्वास बसायचा नाही. मी म्हटलं, "आम्ही माळकरी."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला म्हणून सांगू. मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. "माळ दिसत नाही?"

"तुटली. ओवायला दिलीय."

तुला वाटेल, म्हातारीला कुठं कळतंय माळकरी म्हणजे काय. मला नीट कळतं. माझे सासरे माळकरी होते. होडीवाल्याच्या घरात राहून त्या माणसानं शेवटपर्यंत मासळीला हात लावला नाही. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, चूलसुद्धा आधी सारवून मग त्यांचा भात. मी सून म्हणून आले तेव्हा मीच ते करायचे. तो शब्द मी कोणाच्या गळ्यातून काढून बोलले हे मला त्या क्षणालाही ठाऊक होतं.

नातीनं कप खाली ठेवला आणि फरशीकडे बघत बसली. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "आजी, असं का सांगितलंस?"

"खोली मिळाली ना?"

"मी सांगणार होते, आम्ही खातो, पण तुमच्या घरात आणणार नाही."

"तू गप. जग कुठं बघितलंयस तू."

आणि येताना बसमध्ये मी खूश होते बघ. लोणावळ्यापर्यंत तोंडावरचं हसू जात नव्हतं.

पुढं सगळं तुझ्या यादीसारखंच. कुकरच्या शिट्ट्या, डाळीत पाणी किती, गॅस बंद करून परत एकदा हात लावून बघायचा, हे सगळं फोनवर शिकवलं. बाई पोरीवर माया करायला लागल्या. एकादशीला उपासाचं ताट द्यायच्या. नात एकदा म्हणाली, "त्या विचारत होत्या, तुझ्या आजी हरिपाठ किती वाजता म्हणतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"साडेसहा."

मी खो खो हसले. तीपण हसली, पण लवकर थांबली. मी हसतच होते.

नारळी पुनवेला ती आली नाही. लहानपणी नारळ धरून पुढं पुढं नाचणारी पोर. म्हणाली सराव आहे, आणि होताही. मग एक दिवस फोनवर बोलताना मागून एका मुलीचा आवाज आला, "आपण एकदा तुझ्या गावी जाऊया ना, समुद्र बघू." नात तिला म्हणाली, "आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही." मला म्हणाली, "हां आजी, बोल." मी काय बोलणार होते ते विसरून गेले.

दिवाळीत तीन दिवस आली. आल्या आल्या कपड्यांची बॅग गॅलरीत नेऊन ठेवली, वर प्लास्टिक गुंडाळलं. मी भाऊबीजेसाठी बोंबील आणले होते, ताजे, पाण्यासारखे. ती किचनच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, मी गेल्यावर तळशील?"

"का गं? तुझ्यासाठीच आणलेत."

"कपड्यांना वास लागतो. त्यांना लगेच कळतं."

तिनं हे रागानं सांगितलं असतं तर मी भांडले असते. ती इतकं हळू बोलली, की मी बोंबील पिशवीत घातले आणि पिशवी तुमच्याकडे पाठवली. आठवतंय तुला? तू म्हणालीस, "मावशी, एवढे?" मी म्हटलं, जास्त झाले.

निघायच्या दिवशी तिनं बॅगेतून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तुळशीची माळ. बाई आळंदीला गेल्या होत्या, तिथून आणलेली. "म्हणाल्या, आजींची तुटलीय ना, अजून ओवून मिळाली नसेल." एवढं सांगून पोर पाणी प्यायला आत गेली. मी ती पुडी हातात धरून बसले. घालायची तर मासळी सोडायला हवी, ते मला या वयात जमणार नाही. परत करायची तर कोणत्या तोंडानं. शेवटी देवाजवळ ठेवली. तिथं बसलं की सासऱ्यांचं ताट डोळ्यासमोर यायचं.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मुलाला बोलले तर म्हणाला, "आई, सोड ना, वर्ष संपत आलं की दुसरी खोली बघू." पाचव्या दिवशी दुपारी मीच बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, मी खोटं बोलले. आम्ही माळकरी न्हाय. मी मासळी विकायचे. पोरीची काही चूक न्हाय."

त्यांच्याकडे नळाचं पाणी वाहत होतं, ते बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "विकायचात तर विकायचात. माझं म्हणणं घरात आणू नका एवढंच होतं. पण देवाच्या नावानं कशाला सांगितलंत हो?"

मी देवाजवळच्या माळेकडे बघत राहिले.

"एकादशीला ती माझ्यासमोर ताटावर बसायची, आणि मी सगळं खरं धरून चालले होते," त्या म्हणाल्या. खोली सोडा असं काही म्हणाल्या नाहीत. पण त्या एकादशीला ताट गेलं नाही, आणि आठवड्यात नातीनं खोली सोडली. पथकातल्या दोघी एका फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्यात गेली. सामान कोणी उचललं, कसं नेलं, मला काही माहीत नाही. सगळं झाल्यावर तिचा फोन आला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"आजी, तू खोटं बोललीस तेव्हा मला विचारलं नाहीस. आता खरं बोललीस तेव्हापण विचारलं नाहीस."

"मला राहवलं न्हाय गं."

"परीक्षा झाली की मी सांगणार होते त्यांना. माझ्या तोंडानं. काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. तीनदा लिहिलं होतं."

"मग आता जाऊन बोल ना."

"आता काय बोलू? आता ते तू केलेलं आहे."

मी म्हटलं, चुकले बाय. ती म्हणाली, "असू दे. तू जेवलीस का?" असं आपण पाहुण्यांना विचारतो ना, तसं.

त्याला आता कितीतरी महिने झाले. ती चांगली आहे, मला माहीत आहे. पथकात आता पुढच्या रांगेत असते. तिघी मिळून स्वयंपाक करतात, मुलगा-सून जाऊन बघून आले. सून म्हणाली, "आई, तिनं आम्हाला कोळंबीचा भात करून घातला, तुमच्यासारखाच." मी विचारलं, माझं काही विचारलं का? "हो, शुगर किती आहे विचारलं." मला हवं होतं ते सगळं झालंय. माणसांत मिसळली, स्वतःचं स्वतः बघते, कोणाला भीत नाही. रविवारी तिच्या बापाच्या मोबाईलवर फोन येतो, माझ्या नाही. शिमग्याला आली नाही. मे महिन्यात म्हणे कुठं काम मिळालंय. मी माझा मोबाईल आता डब्यात ठेवत नाही, सहा ते आठ हातातच असतो.

तर तुला एवढंच सांगायचं होतं. तू पोरीबरोबर खोली बघायला जरूर जा. पिशव्या उचल, कडी बघ, नळ बघ. पण तिथल्या माणसानं काही विचारलं, की तू चहा पी आणि पोरीला बोलू दे. ती अडखळली तरी बोलू दे. खोली हातची गेली तर चौथी मिळेल.

हे लिहून झालं की तुझ्याकडून पानांचे फोटो काढून घेणार आहे आणि तिला पाठवणार आहे. शेवटचं तिच्यासाठी लिहिते, तू वाचलंस तरी चालेल.

बाय, तुझ्या बापाच्या मोबाईलवर मी मुद्दाम येत नाही, तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून. पुण्याला यायचं फार मनात आहे, पण तू बोलावल्याशिवाय येणार न्हाय. तू ये. एकटी ये नाहीतर त्या दोघींना घेऊन ये, त्यांना आपलं घर दाखवायचं की न्हाय ते तुझं तू ठरव. काय रांधायचं ते आधी विचारीन. एक दिवस राहिलीस तरी चालेल, पण बाय, लवकर ये.