पक्षी किती?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घाला.

प्रकाशा गावाजवळच्या आमच्या खेड्यात चिमणीला चिडी म्हणतात आणि कोंबडीला कोंबडी. पक्षी हा शब्द मी फक्त शाळेत ऐकला होता. पुस्तकातल्या त्या पानावर मोर, पोपट, बगळा होते. कोंबडी गाय-बकरीच्या पानावर होती.

मोठ्या दिराची बायको, माझी जेठानी, शेजारीच राहते. तिच्याकडून उसने पैसे घेऊन मी कोंबड्या आणल्या होत्या. अंडी विकून फेडणार होते. मग जवळच्या पोल्ट्रीत रोग आला. एक माणूस कागद घेऊन घरोघर फिरला. दारातूनच म्हणाला, “ताई, पक्षी किती?”

मला वाटलं, पिंजऱ्यातले पोपट विचारतोय. परक्या माणसाशी मला जास्त बोलवत नाही. “नाहीत,” म्हटलं. त्याने लिहून घेतलं.

नंतर पांढरे प्लास्टिकचे कपडे घातलेले लोक आले आणि गल्लीतल्या साऱ्या कोंबड्या गोण्यांत भरू लागले. माझी एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. तिला उचललं, खालची अंडीही नेली. गावाबाहेर खड्ड्यात चुना टाकून सगळं पुरलं.

भरपाई आली तेव्हा माझ्या नावापुढे शून्य होतं. शहाद्याला साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, पक्षी नाहीत असं तुम्हीच सांगितलं ना?” जीपमध्ये बसून सगळं बोलणं जुळवलं होतं. तिथे नुसती मान हलवली आणि परत आले.

जेठानी हसत सुटली. “पोल्ट्रीमा कोंबडीलेच पक्षी म्हनतस वं! मी शाळानं तोंड नही देखं, तरी माले समजनं. तू शिकनी म्हनीसन फसनी!” मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “मन्हा पैसा मात्र दे, माय.”

मी नंदुरबारला, मिरची वाळवायच्या पथारीवर देठ तोडायला जाऊ लागले. घरी आल्यावर बोटांची आग होई. लेकीला जवळ घेतलं की तिलाही झोंबायचं, ती रडायची, म्हणून घेणंच सोडलं. होळीच्या आधी शेवटच्या नोटा जेठानीला दिल्या. तिने त्या मोजून पदराच्या गाठीला बांधल्या.

“फिटनं तुन्हं,” ती म्हणाली.