बदली खेळाडूचं कलम

एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबात मी दुभाषी म्हणून काम करते. क्लबचं आणि गावाचं नाव सांगत नाही. कावासाकीतल्या आमच्या घरापासून दोन गाड्या बदलून सव्वा तासावर आहे, एवढं पुरे. मी पुण्यात जपानी शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे इथे आले आणि मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर उभी राहून लोकांचे जेवणाचे डबे गरम करून दिले. इतकी वर्षं शिकलेलं जपानी "पिशवी हवी आहे का?" एवढ्यापुरतं उरलं होतं. म्हणून क्लबची नोकरी मिळाली तेव्हा मी हुरळून गेले होते. बास्केटबॉल मला कळत नव्हतं. मुलाखतीत तसं सांगितलं, तर जनरल मॅनेजर म्हणाले, "खेळ आम्हाला कळतो. तुम्ही फक्त बोलणं इकडचं तिकडे पोचवा."

ज्याची ही गोष्ट आहे तो खेळाडू अमेरिकन होता, तेहतीस वर्षांचा. आमच्या क्लबातलं त्याचं दुसरं वर्ष. त्याचं घर मी शोधलं होतं, गॅसवाल्याला मीच बोलावलं होतं, दात दुखला तेव्हा दंतवैद्याकडे त्याच्या शेजारी मीच बसले होते. एका हिवाळ्यात त्याला दुकानातल्या वस्तूंवरची अक्षरं वाचायला शिकवली, तेव्हापासून तो मला सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणायचा. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण तो मला तूच म्हणतोय असं मला नेहमी वाटायचं, आणि त्यात काही गैर वाटायचं नाही.

मोसम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. घरच्या मैदानावर सामना होता आणि मी नेहमीप्रमाणे संघाच्या बाकामागे बसले होते. चेंडू घ्यायला तो उंच उडाला आणि उतरताना त्याचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला. तो ओरडला नाही. बसून राहिला आणि तळहाताने जमिनीवर हळूहळू थापट्या मारत राहिला. मग त्याची नजर मला शोधू लागली, कारण फिजिओ जपानीत काहीतरी विचारत होता. मी धावत गेले.

"कुठे दुखतंय, विचारतायत."

"कुठेच नाही," तो म्हणाला. "म्हणूनच भीती वाटतेय."

गुडघ्याचा स्नायुबंध अर्धवट फाटला होता. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने लागतील, फार तर चार. मी ते जसंच्या तसं त्याला सांगितलं. त्याने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "म्हणजे मोसम संपायच्या आत. ठीक आहे."

इथे नियम सांगायला हवा. त्या वर्षी आमच्यासाठी पगारमर्यादा नव्याने लागू झाली होती. संघातल्या सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून एका ठराविक रकमेच्या पुढे जाता कामा नयेत. आमचा क्लब त्या रेषेला अगदी टेकून होता. एखाद्याला दुखापत झाली म्हणून कुणालाही आणून उभं करता येत नव्हतं. मात्र नियमावलीत एक कलम होतं. खेळाडू चार महिने किंवा त्याहून जास्त बाहेर राहणार असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि त्या खेळाडूने सही केली, तर त्याचं नाव यादीतून काढून ठेवायचं, त्याचा पगार मर्यादेच्या हिशेबातून बाजूला करायचा आणि त्या जागेत बदली खेळाडू घ्यायचा. पगार त्याला मिळतच राहतो. तो लवकर बरा झाला तर परतही येऊ शकतो, पण त्याचा पगार पुन्हा हिशेबात धरला जातो, म्हणजे बदली खेळाडूला सोडावं लागतं. कुणाला ठेवायचं, हे क्लबने ठरवायचं.

हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण उन्हाळ्यात ती सगळी नियमावली ऑफिससाठी इंग्रजीत मीच उतरवली होती.

डॉक्टरांच्या फॉर्मवर कालावधीसाठी एकच चौकट होती. 'तीन ते चार' लिहायला तिथे जागा नव्हती. खेळाडू आत गुडघ्याला पट्टा बसवून घेत होता आणि बाहेर जनरल मॅनेजर डॉक्टरांना अगदी अदबीने म्हणाले, "घाई करून पुन्हा दुखावण्यापेक्षा सुरक्षित आकडा घालू या का?" डॉक्टरांनी चार लिहिलं. खोटं कुणीच काही बोललं नाही. मी शेजारी फाइल धरून उभी होते.

दोन दिवसांनी क्लबच्या ऑफिसात तो, जनरल मॅनेजर आणि मी असे तिघं बसलो. जनरल मॅनेजर पंचावन्नचे होते, तरुणपणी स्वतः खेळलेले, आवाज कधीही न चढवणारे. त्याच्यासाठी पाय लांब करता येईल अशी खुर्ची त्यांनी स्वतः आणून ठेवली. मग कागद पुढे सरकवला. मी कलम वाचून त्याचा अर्थ सांगितला. परत येण्याचा भाग मी वाचला नाही, कारण त्या कागदावर तो नव्हता. तो नियमावलीत होता.

"माझा एजंट आत्ता झोपलेला असेल," तो म्हणाला. "आणि तो फक्त रकमेचा आकडा बघतो. सेन्सेई, एवढंच विचार. तीन महिन्यांत बरा झालो, तर खेळायला मिळेल?"

मी विचारलं. जनरल मॅनेजर थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी पुन्हा विचार करू."

जपानी ऑफिसात चार दिवस काढलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ कळतो. आपल्याकडे मुलीच्या स्थळाला "बघू, कळवतो" म्हणून सांगतात, तसंच ते आहे. त्याला नाही म्हणतात. मला ते तिथल्या तिथे कळलं. पण त्या वाक्याचं इंग्रजी मी शब्दाला शब्द लावून केलं. "तेव्हा ते पुन्हा विचार करतील." इंग्रजीत ते आशेचं वाक्य होतं. त्याच्या चेहऱ्यावर ती आशा उमटलेली मी पाहिली.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तुझं काम सांगायचं आहे, ठरवायचं नाही. तू जे बोललं गेलं तेच सांगितलंस ना?"

"हो."

"मग झालं."

मलाही ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी विषय तिथेच सोडला.

बदली खेळाडू तीन आठवड्यांत आला. युरोपातला, सव्वीस वर्षांचा, लाजाळू, प्रत्येक गोष्टीला आभार मानणारा. त्याचा राग करता आला असता तर सोपं गेलं असतं. त्याचंही घर मीच लावून दिलं. ओला कचरा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी, बाटल्यांची झाकणं वेगळी का करायची, हे सांगणारा कागद मी पहिल्यासाठी तयार केला होता, त्याचीच प्रत काढून याला दिली. तो चांगला खेळायचा. संघ जिंकू लागला. प्रेक्षकांनी त्याच्या नावाचे टॉवेल विकत घ्यायला सुरुवात केली.

पहिला रोज सकाळी सरावाच्या हॉलवर यायचा. आधी सायकल, मग पाण्यात चालणं, मग पायऱ्या. मी त्याच्याबरोबर फिजिओकडे असायचे, कारण तिथे प्रत्येक वाक्याला माझी गरज होती. थोडं वाकवा. अजून. दुखतंय का? दहावा आठवडा संपत आला तेव्हा तो पळायला लागला होता. एकदा घाम पुसता पुसता म्हणाला, "या वयात घरी बसलेल्या माणसाला कुणी उचलत नाही, सेन्सेई. शेवटचे वीस सामने खेळलो की पुढचं वर्ष मिळतं. मला वीससुद्धा नकोत. दहा पुरेत."

त्या वेळी सांगता आलं असतं. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

तीन महिने पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी त्याला तपासून खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं. तो तो कागद घेऊन सरळ ऑफिसात आला, क्लबचं जाकीट घालून, दाढी नीट करून. जनरल मॅनेजरनी कागद दोन्ही हातांनी घेतला, अभिनंदन केलं आणि म्हणाले, चार महिन्यांची नोंद झालेली आहे, पगारमर्यादेत जागा नाही, या मोसमात आता कठीण आहे.

मी ते सांगितलं.  त्यांना न विचारता त्याने मला विचारलं.

"नियमात असं आहे? मी बरा झालो तरी परत येता येत नाही?"

दुभाष्याला कुणी थेट विचारलं तर त्याने स्वतः उत्तर द्यायचं नसतं, प्रश्न पुढे पोचवायचा असतो. मी पोचवला. जनरल मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. नियमावली मी उतरवली आहे हे त्यांना माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "साधारण तसंच आहे, असं सांगा."

"हो," मी त्याला म्हणाले.

'साधारण' हा शब्द मी टाकून दिला. आजवर कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं आहे की त्या वाक्यात तो शब्द फारसा महत्त्वाचा नव्हता. माझा करार दर वर्षी नवा होतो, मुलीची शाळा इथे आहे, पुन्हा काउंटरवर उभं राहायची माझी तयारी नव्हती. ही कारणं खरी आहेत. त्या क्षणी यातलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच मनात आलं, आणि मी ज्याची काळजी घेतली तो माणूस जनरल मॅनेजर होता.

उरलेला मोसम तो सूट घालून बाकाच्या टोकाला बसला. टाळ्या वाजवायचा, बदली खेळाडूला हातवारे करून काही सांगायचा. माझी मुलगी एका रविवारी सामन्याला आली होती. तिने मला जपानीत विचारलं, "तो बरा झालाय ना? मग का खेळत नाही?" मी मराठीत म्हणाले, "नियम आहे." ती म्हणाली, "हें ना रूरू," म्हणजे विचित्रच नियम आहे, आणि पुन्हा खेळ बघू लागली.

मोसम संपला. त्याचा करार वाढवला नाही. बदली खेळाडूचा वाढवला. इतर दोन-तीन क्लबांना त्याने चित्रफिती पाठवल्या, पण त्या आदल्या वर्षीच्या होत्या, आणि ते सगळे एकच विचारायचे: दुखापतीनंतर किती सामने खेळलात?

घर रिकामं करून द्यायच्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिथे गेले. मोठ्या कचऱ्याची गाडी आठला येणार होती. कचरा उचलण्याचे पैसे भरल्याचं, सोफ्यावर चिकटवायचं तिकीट मी कोंबिनीतून आणलं होतं. दोघांनी मिळून सोफा जिन्यावरून उतरवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडकला, तेव्हा आम्ही तो तिथेच टेकवून जरा थांबलो, आणि तिथे मी त्याला सांगितलं. परत येता येत होतं. बदली खेळाडूला सोडायचं की नाही हे क्लबच्या हातात होतं. त्यांनी सोडायचं नाही असं ठरवलं.

त्याने विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"सही केली त्या दिवशी?"

"हो."

तो भिंतीला टेकून उभा होता. रागावला नाही, निदान आवाजात तरी नाही. म्हणाला, "मी एजंटला उठवू शकलो असतो. वकील बघू शकलो असतो. तरीही कदाचित काहीच बदललं नसतं. त्यांना जो हवा होता त्यालाच त्यांनी ठेवलं असतं." मग म्हणाला, "पण मी तुला विचारलं होतं."

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, आणि ती किती छोटी वाटली ते मला आठवतं. तो म्हणाला, "उचल तुझी बाजू." आम्ही सोफा खाली नेला, तिकीट दिसेल असा फुटपाथच्या कडेला ठेवला. विमानतळावर मी येणार असं ठरलं होतं. त्याने टॅक्सीत स्वतःच बॅगा भरल्या आणि ड्रायव्हरला जपानीत विमानतळाचं नाव सांगितलं. उच्चार बरोबर होता. मला हात करून त्याने दार लावून घेतलं. नंतर मी दोनदा मेल पाठवली, उत्तर आलं नाही.

त्याच महिन्यात माझा करार नवा झाला, पगार थोडा वाढला. मोसम संपल्याच्या मेजवानीत जनरल मॅनेजर माझ्या ग्लासात उलाँग चहा ओतत म्हणाले, "तुमच्या भाषांतराने कधी कुणाचे आवाज चढत नाहीत. हे सगळ्यांना जमत नाही." मी मान लववून आभार मानले. ते मनापासून बोलत होते.

पुढच्या वर्षी फॉर्म बदलला. परदेशी खेळाडूला कलम त्याच्या भाषेत समजावून सांगितलं आहे, अशी एक ओळ खाली आली आणि तिच्यापुढे दुभाष्याने सहीऐवजी मारायच्या शिक्क्यासाठी गोल जागा. आतापर्यंत मी तिथे तीनदा शिक्का मारला आहे. तिन्ही वेळा परत येण्याचा भाग मी स्वतःहून वाचून दाखवला. पहिल्या वेळी जनरल मॅनेजरनी क्षणभर मान वर करून पाहिलं. पण ते काही बोलले नाहीत. बोलणार नव्हतेच. मला आता वाटतं, त्या सहीच्या दिवशी मी तो भाग वाचला असता, तरी ते काही बोलले नसते.