उघडा राहिलेला धागा

रविवारी रघूनं जीपच्या बॅटरीची तार सोडवली. टोकाला जुन्या बनियनचं फडकं गुंडाळलं, गाडीवर ताडपत्री ओढली आणि हात धुऊन जेवायला बसला. गाडी बराच काळ चालवायची नसली की असं करतात, एवढं आता मलाही कळतं. तेव्हापासून ती फडकं गुंडाळलेली तार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही गं आई. सुम्ने."

सुम्ने म्हणजे उगाच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मैसूरला राहिलेली मराठी माणसं. काही सांगायचं नसलं की आम्हाला कन्नड सुचतं.

रघूत्तम माझा एकुलता एक मुलगा. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो. लहानपणापासून अबोल. मैसूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये त्याच्या वडिलांची जुनी फोर-व्हील जीप उभी आहे. ते गेले तेव्हा ती विकायचंच ठरलं होतं, पण ती सुरूच होईना आणि बंद गाडीला गिऱ्हाईक मिळेना. मग रघूनं इंटरनेटवर जुन्या जीपवाल्यांच्या एका फोरमवर जाऊन प्रश्न टाकला. शिवमोग्ग्याच्या कुणी अनोळखी माणसानं कागदावर पेन्सिलीनं आकृती काढून, तिचा फोटो पाठवून उत्तर दिलं. जीप सुरू झाली. पोर्चभर धूर झाला आणि त्या धुरात माझा मुलगा मोठ्यानं हसत उभा होता. असा तो फार थोड्या वेळा दिसलाय मला.

गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढे रघूच इतरांना उत्तरं द्यायला लागला. मग फोरमच्या मालकांनी त्याला फोरम सांभाळणाऱ्यांत घेतलं. तिथं एक रीत होती. ज्यानं प्रश्न विचारला त्यानं गाडी बरी झाल्यावर परत यायचं, नेमकं कशानं बरी झाली ते लिहायचं आणि शेवटी 'आयतु' म्हणायचं. आयतु म्हणजे झालं. एक प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं मिळून एक धागा; ते 'आयतु' आल्याशिवाय रघू तो धागा बंद करायचा नाही. कधीकधी महिनोन्‌महिने उघडा ठेवायचा.

"अरे, विसरला असेल तो. विचार की त्याला," मी म्हणायची.

"मी नाही विचारायचं. ज्याची गाडी त्यानं येऊन सांगायचं. आपण विचारलं तर शाबासकी मागितल्यासारखं होतं."

संध्याकाळी ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन तो आधी ते बघायचा. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं, "आयतु!" कुणाची गाडी, कुठली, मला ठाऊक नसायचं. पण त्या दिवशी तो एक पोळी जास्त खायचा.

मग फोरमवर माणसं येईनाशी झाली. एकेक करून सगळे फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, रील्सवर गेले. फोटो जिथं साठवले होते ती साइट बंद पडली आणि जुन्या धाग्यांमधल्या आकृत्यांच्या जागी राखाडी चौकोन आले. शिवमोग्ग्याच्या त्या माणसाची पेन्सिलीची आकृतीही गेली. तो माणूसही त्याआधीच वारला होता, आणि रघूला ते फार उशिरा कळलं.

माझ्या बहिणीची मुलगी ऋचा गणपतीला आली होती. ती म्हणाली, "रघूदादा, तू अजून त्या म्युझियममध्येच बसलायस? लोक जिथं आहेत तिथं ये की!" तिनंच त्याला इन्स्टाग्रामवर बसवलं आणि जीपवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये घातलं. मला बरं वाटलं. तिथं हजारो माणसं होती.

रघूनं मन लावून सुरुवात केली. पण सोमवारी दिलेलं उत्तर मंगळवारी कुठल्या कुठं वर सरकून जायचं आणि बुधवारी तोच प्रश्न दुसरा कुणी विचारायचा. त्यानं एकदा लिहिलं, "हे आधी सांगितलंय, कृपया वर पाहा." खाली उत्तर आलं, "वर जायचं वय तुमचं, अंकल!" त्यावर हसण्याची चित्रंच चित्रं. रघूनं मला ते वाचून दाखवलं आणि स्वतःही थोडा हसला.

पुढचं मात्र त्यानं हसण्यावारी नेलं नाही. एका तरुणानं कोरड्या डांबरी रस्त्यावर मैलोन्‌मैल चारही चाकं इंजिनाला जोडून जीप पळवली होती आणि आता पुढची चाकं सोडवायचा दांडा अडकून बसला होता. चिखलात चाकं थोडी घसरतात, डांबरावर घसरत नाहीत, मग आतले गिअर एकमेकांना आवळून धरतात. रघूनं सगळं नीट लिहिलं. गाडी सरळ रेषेत हळूहळू मागं घे, ताण सुटेल, दांडा बोटानं निघेल, जोर लावू नकोस.

कुणीतरी खाली लिहिलं, "निबंध स्पर्धा आहे का? हातोडा मार, ब्रो."

दुसऱ्या दिवशी रील आलं. हातोड्याचे घाव, मग तुटलेला दांडा हातात धरून तो मुलगा नाचतोय, मागं गाणं. लाखभर लोकांनी ते पाहिलं. रघूनंही पाहिलं. फोन उलटा ठेवून म्हणाला, "त्याला गाडी बरी करायचीच नव्हती गं."

त्यानंतर तो तिथं काही लिहीत नाही. इकडे दिवाळीनंतर फोरमच्या बंगळूरच्या मालकांनी कळवलं की आता हे चालवायला कुणी उरलं नाही, महिनाअखेरीस बंद करतो. रघूनं एकेक धागा बंद केला. एक तेवढा राहिला. पिरियापट्टणच्या तिरुमलरावांचा.

हे तिरुमलराव तंबाखूवाले. तंबाखू वाळवायच्या भट्टीला लाकडं न्यायला त्यांची जुनी जीप अजून राबते. काही वर्षांपूर्वी ते ती घेऊन थेट आमच्या दारात आले होते, सोबत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं पोतं. रघू घरी नव्हता.

"अक्का, डॉक्टर कुठाय आमचा?" त्यांनी फाटकातूनच विचारलं.

"डॉक्टर कुठला? इथं तर विम्याचा क्लार्क राहतो."

"तुम्हाला काय ठाऊक! माझ्या बायकोपेक्षा ह्या गाडीची नाडी त्याला जास्त कळते." मग रघू आला की कळवा म्हणून माझ्या फोनवर आपला नंबर देऊन गेले.

त्यांचा शेवटचा प्रश्न होता, उतारावर दांडा आपोआप गिअरमधून निसटतो. रघूनं लिहिलं, आतली लहानशी स्प्रिंग मऊ पडली असेल, आधी ती बदलून पाहा. त्यावर उत्तर आलं नाही. महिना संपला. शेवटच्या संध्याकाळी रघू चहा गार होईपर्यंत बघत बसला होता. मग पानच उघडेना.

"फोन कर ना त्यांना," मी म्हटलं.

"बिडु, आई. सोड."

त्यानंतरच्याच रविवारी त्यानं जीपची तार सोडवली. आता रघू ऑफिसातून येतो, चहा घेतो आणि भिंतीकडे बघत बसतो. जेवतो, भांडी उचलून ठेवतो, विचारलं तर उत्तर देतो. कुठं बोट ठेवावं असं काही नाही, म्हणूनच मला भीती वाटते. मी सत्तरीला आले. माझ्यामागं त्याला कोण काय विचारणार आहे?

मघाशी फोनमध्ये शोधलं. 'तिरुमलराव जीप' असा नंबर अजून आहे. खोटं बोला असं मी त्यांना सांगणार नाही. रघूला ते लगेच कळेल. कदाचित त्यांनी जीप विकलीही असेल. कदाचित ते नसतीलच. फारशी आशा नाही मला. पण रघूच्या रीतीत त्यानं विचारायचं नसतं, आईनं विचारू नये असं काही नाही. उद्या तो ऑफिसला गेला की फोन लावते. एवढंच विचारीन, "तिरुमलराव, तुमची गाडी आयतु का?" आणि झाली असेल तर म्हणेन, ते मला नको, संध्याकाळी त्याला सांगा.