शैलाचा आवाज गेला नव्हता

हे मी घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात सांगायलाही दोन वर्षं लागली. आज तुम्हाला सांगतोय — मध्येच अडखळलो तर समजून घ्या.

माझी बायको शैला मूळची उत्तनची, कोळ्यांच्या घरातली. तिचा आवाज — कसा सांगू? नवघरला आमच्या बिल्डिंगजवळच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असतं. पहिली ओळ शैला म्हणायची आणि वीसजणी तिच्यामागून सूर धरायच्या. माईक लागायचा नाही.

मी रिटायर झालो, आणि त्याच सुमारास मला ती पुटपुटतेय असं वाटायला लागलं. "नीट बोल ना! तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?" — दिवसातून किती वेळा म्हणायचो? पाहुण्यांसमोरही म्हणायचो.

मग बँकेत काउंटरवरच्या मुलीचं बोलणंही कळेना. तेव्हा गुपचूप जाऊन कान तपासून आलो. बंद खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून नुसताच बसलो होतो. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, थोडंच कमी झालंय. मशीन घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण घरी सांगा."

थोडंच — तेवढा एक शब्द मी उचलला. थोड्यासाठी कानात मशीन कशाला? बिल्डिंगमधले म्हणतील, संपला हा! रिपोर्ट कपाटात स्वेटरांखाली सरकवला. आमच्याकडे स्वेटर काढतं कोण?

आणि "नीट बोल" चालूच ठेवलं.

शैलाला वाटायला लागलं, आपला आवाजच गेला. ती गळ्याच्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होतो — शेजारच्या खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दिसत नाही, पण काही दिवस आवाजाला आराम द्या. मी मान डोलावली. कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं, आणि मी मान डोलावली.

तिने भजन सोडलं. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध — सगळं केलं. गुरुवारी टाळ वाजायला लागले की खिडकी लावून घ्यायची.

एका दुपारी मी हॉलमध्ये बसलो होतो, ती स्वयंपाकघरात. मोबाइलवर तिचा मेसेज आला — "जेवायला या." दहा पावलांवरून! माझ्याशी बोलणंच तिने सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मशीन घेतलं. परत येऊन दार उघडलं, तर आतून गाणं. शैला भांडी लावता लावता अगदी हळू आवाजात अभंग म्हणत होती — शब्द न् शब्द कळत होता. किती दिवस अशी एकटीच म्हणत होती?

मी रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला. तिने तारीख वाचली. संतापली की तिच्या तोंडी माहेरची भाषा येते. "म्हंजे माजा गला बरा हाय? नि तुमाला ठाव होता?"

चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ठेवणीतली साडी नेसून देवळात गेली. मीही मागोमाग गेलो. तिने टाळ घेतले आणि पहिली ओळ अशी काही उचलली — बाहेरचे रिक्षावाले वळून बघायला लागले! वरच्या सुरावर गेली, मला वाटलं आता थांबेल, तर आणखी वर गेली. मागच्या वीसजणींना दम लागला, हिला नाही. दोन वर्षांचं सगळं तिने एका तासात परत मिळवलं — कुणाच्याही मदतीशिवाय.

भजन संपल्यावर बायका विचारायला लागल्या, "काका, काकूंचा आवाज परत आला कसा?" मी म्हटलं, तो गेलाच नव्हता, माझे कान गेले होते. सगळ्या हसल्या. किती मोकळेपणाने कबूल करता, म्हणाल्या. मी ते कौतुक घेतलं. शैला चपला घालत होती, तिने वर पाहिलं नाही.

मला दोन वर्षं माहीत होतं — हे मी तिथे बोललो नाही. ते आत्ता बोललो.