गारव्याचं इंग्रजी

जठारपेठेतल्या इंग्रजीच्या क्लासला मी जायला लागले तेव्हा शेजारणींनी मनसोक्त हसून घेतलं. साठी उलटलेली, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई मुलाखतींची तयारी करणाऱ्या पोरींच्या बाकावर बसून वाक्प्रचार घोकतेय, म्हटल्यावर हसणारच. मला नोकरी नको होती, सुनेशी बोलायचं होतं. ती इंग्लंडची. लग्न तिकडेच झालं. आमच्या ह्यांनी तेव्हा हट्टाने आशीर्वादाचा फोनसुद्धा केला नाही. पुढे त्यांचा राग निवळला, पण तो निवळलाय हे तिला सांगायचं कोणी? ते माझ्यावर आलं.

दोघांना सुटी मिळणार होती ती नेमकी मे महिन्यात. अकोल्यातला मे! मी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पन्ह्यासाठी कैऱ्या आणल्या, नवा माठ मुरवत ठेवला. मग क्लासात शिकलेले शब्द जुळवून तिला स्वतःच्या हाताने मेसेज लिहिला, "प्लीज कम. वी विल गिव्ह यू अ व्हेरी कोल्ड वेलकम." त्यातलं 'व्हेरी' मी मुद्दाम, प्रेमाने घातलं होतं.

आठवड्याभराने मुलाने कळवलं की तिला सुटी मिळत नाही, तो एकटाच येतोय. वाईट वाटलं, पण नोकरी म्हटली की असं चालायचंच.

तो विमानात बसला त्याच दिवशी सरांनी थंड खांद्याचा वाक्प्रचार घेतला. सर अमरावतीचे, तरुण, जीव लावून शिकवणारे. एखाद्याला टाळायचं झालं की इंग्रजीत त्याला थंड खांदा दाखवतात. नकोशा पाहुण्याला पूर्वी म्हणे गरम जेवणाऐवजी मटणाचा थंडगार खांदा वाढत, त्यावरून तो आला असं सांगतात. खरं-खोटं इंग्रजांनाच ठाऊक, असंही ते म्हणाले. आणि प्रेमाने केलेलं स्वागत ते वॉर्म, म्हणजे उबदार. मला माझा मेसेज आठवला. घाबरले की मी भांडते.

"सर, इथं मे महिन्यात ऊब कोनाले पाह्यजे?"

"काकू, तिकडं थंडीनं मानूस काकडते. शेकोटीजवळ बसवलं की माया झाली."

मी ऐकेना. आपले डोळे निवतात, जिवाला गारवा वाटतो. तापतं ते डोकं. सरांनी 'थंडा प्रतिसाद' पुढे केला, तर ते पेपरवाल्यांचं मराठी म्हणून मी उडवून लावलं. वर्गातल्या पोरी हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं.

मुलगा आला. जेवण झाल्यावर मी त्याच्यापुढे फोन धरला. त्याने मेसेज दोनदा वाचला.

"तिनं मले हे दाखवलंच नाई. फक्त इचारलं, बाबाले इंग्रजी येते का म्हणून."

म्हणजे तिला वाटलं होतं, ह्यांनीच माझ्याकडून लिहून घेतलं. तिने नवऱ्यापाशीही तक्रार केली नव्हती. ते मला जास्त लागलं.

त्याने लगेच तिला फोन लावून कूलर, माठ, पन्हं सगळं समजावलं. ती हसली, इट्स ओके म्हणाली. मी तिला तेव्हा जवळ घेऊ शकले असते तर एका शब्दाचीही गरज पडली नसती. रात्री तिचा मेसेज आला. थँक यू, पुढे कधीतरी नक्की येईन, आणि शेवटी, वॉर्म रिगार्ड्स.

वॉर्म! मी दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच सरांना गाठलं. "सर, हे मायेचंच ना?"

सरांनी मेसेज वाचला आणि फोन हळूच माझ्या हातात दिला.

"काकू, हे तं बँकवाले बी लिवतात."