वडनेरच्या गाडीचा शंभर वॅटचा बल्ब

"यापेक्षा मोठा बल्ब येत नाई काय?"

प्रभाकरने हे विचारलं तेव्हा मी त्याच्याच गाडीचा वितळलेला होल्डर हातात धरून उभा होतो. होल्डर म्हणजे बल्बच्या मागे बसणारी प्लास्टिकची टोपी. तिच्यातून वायरी बल्बपर्यंत जातात. ही टोपी उष्णतेने वाकडी होऊन काळी पडली होती.

"मोठा टाकूनच तं हे झालं, भाऊ," मी म्हणालो. "अजून मोठा टाकला तं बोनेटखाली भाकरी भाजजो."

हिंगणघाटला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रोज कोणी ना कोणी 'लाइट वाढवून द्या' म्हणत येतो, आणि रोज माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, बल्ब बदलला की रात्रीचा दिवस होतो. साध्या हेडलाइटच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. डिपर जवळचा रस्ता दाखवतो, अप्पर लांबचा. दोन्ही साधारण साठ वॅटच्या आत-बाहेर. गाडीची वायरिंग तेवढ्याच भाराची असते. त्यात शंभर वॅटचा बल्ब कोंबला की वायर तापते, होल्डर वितळतो आणि समोरून येणारा माणूस आंधळा होतो तो वेगळाच.

प्रभाकरने आधी हायवेवरच्या एका दुकानातून निळसर पांढरा बल्ब टाकून घेतला होता. तो दिसायला झकपक. पण त्याच्या काचेवर निळा रंग असतो आणि तो रंग थोडा उजेड स्वतःच खातो. त्याने काम भागलं नाही म्हणून मग हा शंभर वॅटचा. तरी रस्ता दिसत नव्हता.

"तुले एवढा उजेड कायले पाहिजे?" मी विचारलं. "रात्री कापूस वेचतं काय?"

तो हसला नाही. प्रभाकर वडनेरजवळचा शेतकरी, माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी. एरवी माझ्या वरताण बोलणारा माणूस.

"गेल्या हप्त्यात रोही आडवा आला," तो म्हणाला. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. "पार जवळ येईस्तोवर दिसलाच नाई. ब्रेक लागला म्हणून वाचलो. श्रुती मागं बसली होती."

श्रुती त्याची मुलगी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी हिंगणघाटला क्लासला येते. क्लास सुटायच्या आधीच गावाकडची शेवटची बस निघून जाते, म्हणून रोज संध्याकाळी प्रभाकर तिला न्यायला येतो.

"तिची माय म्हणते, आता बास. लाइट दुरुस्त होत नसन तं क्लास बंद. पोट्टी दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यली. काई कर, पण आज लाइट झाला पाहिजे."

मग मी चेष्टा थांबवली.

दुकानात प्रभाकरचे वडील नारायणराव पण बसले होते. धोतर, टोपी, हातात काठी. गाडी कुठेही दुरुस्तीला गेली की ते सोबत असतातच. मेकॅनिक लोकांवर त्यांचा विश्वास नाही, आणि ते लपवतही नाहीत.

मी आधी मीटर लावला. बॅटरीपासून बल्बपर्यंत करंट पोचतो किती, ते त्यात कळतं. जुन्या गाडीत वायर आणि बटन मिळून वाटेतच बराच गिळतात. इथेही तसंच होतं. मी नवे होल्डर बसवले आणि रिले टाकला. रिले म्हणजे मधला माणूस. बटन फक्त त्याला हुकूम देतं, आणि तो जाड वायरीने थेट बॅटरीतून करंट पाठवतो. बल्ब मात्र साधेच, कंपनीने सांगितलेल्या वॅटचे.

मग गाडी आत घेतली आणि शटर खाली ओढलं. भर दुपारी लाइट तपासायची माझी हीच पद्धत. समोरच्या भिंतीला चुना मारून ठेवला आहे, तिच्यावर उजेड कसा पडतो ते पाहायचं.

लाइट लावला. भिंतीवर हळदीच्या पाण्यासारखा पिवळा, पसरट डाग उमटला. मीटर म्हणत होता करंट पूर्ण आहे. बल्ब नवा होता. मग उजेड जात होता कुठे?

मी खाली वाकून हेडलाइटची काच पाहिली. काच म्हणजे आजकाल फायबर असतं, उन्हाने ते पिवळं पडतं. पण हे नुसतं पिवळं नव्हतं, चकचकीत होतं. लाइट चालू राहिल्याने काच तापली आणि मला वास आला. घरात चटणीवर घालतो त्या जवसाच्या तेलाचा वास. नखाने खरवडलं तर पिवळ्या सालीची सुरळी नखाखाली आली.

"हे कोणत्या शहाण्यानं लावलं?" मी ओरडलोच.

"म्या लावलं," मागून अंधारातून आवाज आला.

नारायणराव होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काचा आंधळ्या पडल्या होत्या," ते म्हणाले. "तेल लावलं तं एकदम आरशासारख्या झाल्या. बंडीले जलमभर जवसाचंच तेल लावलं म्या. एक लाकूड तडकलं नाई."

बंडी म्हणजे बैलगाडी. त्यांचं खोटं नव्हतं. तेल ओलं असतं तेव्हा काचेवरचे ओरखडे भरून निघतात आणि काच स्वच्छ दिसते. सकाळी पाहणाऱ्याला वाटतं, गाडी नवी झाली. पण जवसाचं तेल दुसऱ्या तेलांसारखं ओलं राहत नाही. ते वाळतं आणि त्याची कडक साल धरते. म्हणूनच ते लाकडाला चांगलं. इथे मात्र सालीवर साल चढत गेली होती आणि शंभर वॅटच्या उष्णतेने ती पक्की भाजून निघाली होती.

मी हे त्यांना सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं. "बंडीच्या लाकडातून आरपार पाहाचं नसते ना, काकाजी."

नारायणरावांनी वाकून काच पाहिली. मग म्हणाले, "रोही आडवा आल्यापासून मी दोन टाइम लावून राह्यलो. सकाळी आन् श्रुतीले आणाले गाडी निघाच्या आधी."

"बाबा, तुमाले कोणं सांगतलं होतं?" प्रभाकर एकदम तापला. "पोट्टीचा जीव गेला असता!"

"थांब बे," मी म्हणालो. "एवढे दिवस तू गाडी चालवून राह्यला. तू कधी हात लावून पाह्यला काय काचेले?"

त्याने तेव्हा पहिल्यांदा काचेवर बोट फिरवलं. मी पुढे ताणलं नाही.

अशा वेळी थिनर लावायचा मोह होतो. लावायचा नाही, फायबर तडकतं. मी बारीक वॉटर पेपर, म्हणजे पाण्यावर घासायचा सँडपेपर, भिजवला आणि पाणी सोडत डावी काच घासली. आधी पिवळं पाणी निघालं, मग दुधाळ, मग स्वच्छ. वरून पॉलिश मारलं आणि लाइट लावला. भिंतीवर डाव्या बाजूला पांढरा उजेड, त्याची कड सुरीने कापल्यासारखी. उजवीकडे तोच जुना डाग.

नारायणराव काठी टेकत भिंतीपर्यंत गेले. दोन्ही उजेडांत हात धरून पाहिला. परत आले आणि माझ्यापुढे हात केला.

"दे थो कागद."

"राहू द्या काकाजी, मी करतो."

"दे म्हणतो ना."

उजवी काच त्यांनी घासली. मी फक्त पाणी सोडत होतो. घाई नाही, जोर नाही, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा हात. मध्येच त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.

दोन्ही काचांवर संरक्षक कोट मारला, उजेडाची उंची भिंतीवरच्या रेघेला लावून दिली. संध्याकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन क्लासवर गेलो. श्रुती बाहेर आली आणि आजोबांना पाहून थबकली.

"आबा, तुमी काऊन आले?"

"लाइट पाहाले आलो. क्लास चालूच राहीन, हे तुह्या मायले मी सांगतो," ते म्हणाले. "तू बस."

क्लास आता चालू आहे. नारायणराव काचेला फक्त साधं पाणी लावतात, आणि एवढ्यावर भागतं हे त्यांना अजून पटलेलं नाही. शंभर वॅटचे बल्ब मी परत दिले नाहीत.

आता कोणी लाइट वाढवायला आलं की मी बल्बची पेटी उघडत नाही. आधी विचारतो, घरात या गाडीवर सगळ्यात जास्त जीव कोणाचा? मग त्या माणसाला बोलावून घेतो, आणि तो तिला काय काय लावतो ते ऐकतो.